गाडी म्हातारी नाही, वायर कळकली आहे!

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा यातल्या कुठल्याही घाटातून पावसाळ्यात तुमचं जाणं-येणं असेल आणि दारात दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी उभी असेल, तर शेवटपर्यंत वाचा. राजकारणाची पोस्ट नाही. म्हणजे आहे, पण पक्षाची नाही.

गेल्या जुलैतली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ, सात वाजून गेले असतील. आजऱ्याहून सावंतवाडीला परत येत होतो. शेजारी बायको, मागे आई आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली धाकटी. आंबोली सोडली, घाट उतरायला सुरुवात केली आणि दोन वळणांत रस्ता दिसेनासा झाला. ज्याला आपण धुकं म्हणतो ते घाटात धुकं नसतंच, ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. मोठा लाईट लावला तर समोर पांढरी भिंत. डिपर केला, वेग वीसवर आणला, फॉग लॅम्पचं बटण दाबलं. डॅशबोर्डवर हिरवं चिन्ह लागलं. रस्त्यावर मात्र काहीच बदललं नाही. डावा दिवा मेलेला होता आणि उजवा देवघरातल्या समईइतका.

तिसऱ्या वळणाच्या पुढे एक टेंपो बंद पडून उभा होता. मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरवर चिखल, दगड लावलेला तोही काळा. तो दिसला तेव्हा मध्ये आठ-दहा पावलं राहिली होती. ब्रेक दाबला, गाडी थोडी सरकली आणि टेंपोच्या फळक्यापासून हातभरावर थांबली. आई एवढंच म्हणाली, "हळू रे बाबा." धाकटी उठलीसुद्धा नाही.

काही झालं नाही. म्हणून ती बातमी झाली नाही. झालं असतं तर दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या असत्या, 'दाट धुक्यामुळे अपघात'. धुक्यामुळे! जसं काही धुकं यंदा पहिल्यांदाच आलं. ज्या गावाची ओळखच पाऊस आणि धुकं आहे, त्या गावच्या घाटात धुक्यामुळे अपघात. मला या शब्दाचा राग आहे आणि पुढचं सगळं त्या रागातून लिहितोय.

पण आधी स्वतःवरचा राग. उजवा दिवा मंद झालाय हे मला दोन वर्षं माहीत होतं. डावा आधी कधी लागायचा, कधी नाही. बोनेटवर थाप मारली की लागायचा. "बघू पावसाळा संपल्यावर" असं म्हणत दोन पावसाळे काढले. तेव्हा बाकीच्यांवर बोलण्याआधी पहिला गुन्हेगार मी.

सोमवारी गाडी घेऊन निघालो. आणि इथून खरी गंमत सुरू झाली.

पहिला थांबा, मोठं काचेचं सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही, कारण हे एका सेंटरचं दुखणं नाही. सल्लागार मुलगा फार अदबीने बोलला. टॅबवर बघून म्हणाला, "सर, मॉडेल जुनं आहे. दोन्ही लॅम्प असेंब्ली आणि पुढचं वायरिंग हार्नेस बदलावं लागेल. चौदा हजार आठशे, प्लस लेबर." मी विचारलं, बिघाड नेमका कुठे आहे? तर म्हणाला, "ते खोलल्यावर कळेल." म्हणजे रोग कळायचाय, पण ऑपरेशनचं बिल तयार! आणि वर सल्ला, "खरं सांगू सर, इतका खर्च या गाडीवर करण्यापेक्षा एक्स्चेंज ऑफर चालू आहे."

दुसरा थांबा, ॲक्सेसरीजचं दुकान. तिथे तर वायरिंगचा विषयच नाही. "काढून टाका ते पिवळे दिवे. एलईडी बार टाकू. दिवसासारखा उजेड पडेल." शेजारच्या गाडीवर लावून दाखवला. मी समोर उभा होतो, पाच मिनिटं डोळ्यांपुढे निळे-हिरवे ठिपके नाचत होते. मी म्हटलं, समोरून येणाऱ्याचं काय? तो हसला. "साहेब, समोरच्याचा विचार करून कोण दिवे घेतं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्या रस्त्यांचा सगळा कारभार या एका वाक्यावर चाललाय.

तिसरा थांबा, मित्रमंडळ. "अरे, ती भंगारात दे. आता पंधरा वर्षांवरच्या गाड्या बंदच होणारेत." कोणी सांगितलं? व्हॉट्सॲपने. तर हे एकदा स्पष्ट करून टाकतो. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी चालवायची नाही, हा निर्बंध दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरता, तिथल्या हवेमुळे आलेला. सिंधुदुर्गात, कोल्हापुरात तो लागू नाही. इथे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी तपासून घ्यायची, शुल्क आणि पर्यावरण कर भरायचा, की पुढची पाच वर्षं मिळतात. त्यानंतर पुन्हा तपासणी, पुन्हा पाच. स्क्रॅप धोरण 2021 साली आलं ते खरं, पण खासगी गाडी निव्वळ वयामुळे जबरदस्तीने भंगारात घाला असं त्यात नाही.

चौथा थांबा, बाजाराच्या मागच्या गल्लीतले आमचे वायरमन काका. पत्र्याची शेड, एक बाकडं, भिंतीवर रिलेंची माळ. वय पासष्टच्या पुढे. मी गेलो तेव्हा चहा पीत होते. सगळं सांगितलं. चौदा हजारांचा आकडा ऐकून त्यांनी फक्त कप खाली ठेवला. खाली वाकले, बंपरखाली हात घातला, कपलर ओढून बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. हिरवागार. वरून पांढरी पूड.

"लायटीक काय झाला नाय, झिला. वायर कळाकली हा."

कळकणं हा शब्द मी आजीच्या तोंडी ऐकला होता. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं. इथेही तेच. तांबं, ओल आणि मीठ. माझी गाडी आधीची सहा वर्षं वेंगुर्ल्यात होती, समुद्राची खारी हवा रोजची. त्यात फॉग लॅम्प सगळ्यात खाली, बंपरमध्ये. दिवा तापलेला असतो, गाडी डबक्यातून जाते, दिवा एकदम थंड होतो आणि फटीतून आत दमट हवा ओढून घेतो. आठ वर्षांपूर्वी बंपरचं काम केलं होतं तेव्हा कोणीतरी वायरी कापून, नुसत्या पिळून, वर काळी टेप गुंडाळली होती. टेपचा डिंक उन्हात वितळला, पावसात सुटला आणि जोड उघडा पडला. त्यातून वायरला वीज. मिठाचं पाणी आणि वीज एकत्र आली की तांबं खाल्लं जाणारच.

मला वाटलं, काका आता कपलर साफ करतील, टेप लावतील आणि पन्नास रुपये घेतील. तसं झालं असतं तर ही पोस्ट लिहिली नसती. त्यांनी मीटर काढला.

हा भाग नीट वाचा, कारण तो तुम्ही स्वतः करू शकता. इंजिन चालू, फॉग लॅम्प चालू. बॅटरीवर मीटर लावला, 14 व्होल्ट. उजव्या दिव्याच्या कपलरवर लावला, 10.4. म्हणजे साडेतीन व्होल्टहून जास्त मध्येच कुठेतरी गायब. मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी दिव्याच्या प्लसला लावली. 1.4. त्यानंतर एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी दिव्याच्या अर्थला. 2.2. चांगल्या वायरिंगमध्ये हे आकडे अर्ध्या व्होल्टच्या आत हवेत. म्हणजे मोठा चोर अर्थमध्ये बसला होता, जिथे कोणी बघतच नाही.

आता याचा अर्थ बघा. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, फार झपाट्याने पडतो. साधारण तेरा व्होल्टवर जो दिवा पूर्ण उजेड देतो, तो साडेदहावर आला की उजेड निम्म्याहूनही खाली जातो. बल्ब नवा टाका, दोन हजारांचा टाका, उजेड तोच. कारण बल्बला जेवणच मिळत नाही. आणि ते गायब झालेले व्होल्ट जातात कुठे? त्या कळकलेल्या जोडात उष्णता होऊन. म्हणून कपलरचं प्लास्टिक पिवळं पडून वितळलं होतं. काका म्हणाले, "बल्ब बदलून काय होतला? पाणी खयसून इला ता आदी बघूक व्हया."

पाणी कुठून आलं ते आधी बघायला हवं! आपल्या सगळ्या सरकारी चौकशी समित्यांनी हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावावं.

पुढे अडीच तास काम चाललं. वायर मागे मागे कापत गेले. गंज वायरच्या आवरणाखालून, तारांच्या मधल्या फटींतून आत चढतो, त्यामुळे बाहेरून वायर धडधाकट दिसते आणि सोललं की काळी. लालसर, लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापलं. एका बाजूला तब्बल हात-दीड हात वायर फेकली. नवी दीड स्क्वेअर एमएमची वायर जोडली, जोड पिळून नाही, स्लीव्ह दाबून. त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक चढवली, तापवल्यावर टोकाला डिंकाचा थेंब बाहेर आला की पाणी जायला वाट नाही. अर्थचं जुनं थिंबल गंजलेल्या स्क्रूखाली होतं. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून उघडा पत्रा काढला, नवं थिंबल आवळलं, वर पेट्रोलियम जेली लावली. नवा कपलर बसवला, तोंड खाली. वायर दिव्याकडे जाताना आधी थोडी खाली लोंबू दिली, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी कपलरमध्ये न शिरता खालीच टपकेल. रिलेचा बेस वितळायला आला होता, तोही बदलला. फ्यूज कोणीतरी तीसचा ठोकला होता, काढून मूळचा पंधराचा घातला.

शेवटी पुन्हा मीटर. 13.5. दोन्ही दिवे सारखे. मग गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्यांची मान खाली केली, उजेडाची वरची कड हेडलाईटच्या खाली राहील अशी. सामान 620, मजुरी 500. एकूण 1,120 रुपये.

चौदा हजार आठशे आणि अकराशे वीस. हा फरक फक्त पैशाचा नाही, विचारांचा आहे. एकाने बिघाड शोधला. दुसऱ्याला बिघाड शोधण्यात रसच नव्हता, कारण शोधण्याचे पैसे मिळत नाहीत, बदलण्याचे मिळतात. त्या टॅबवाल्या मुलावर माझा राग नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे. राग त्या पद्धतीवर आहे.

आणि ही पद्धत काही आजची नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. कारण काय? सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातल्या मेकॅनिकला मिळू न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते जाऊ दे. पण देशाच्या आयोगाला जे दिसलं ते आपल्या गल्लीत रोज दिसतं. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, त्यात मोबाईल, शेतीची यंत्रं यांच्याबरोबर मोटारगाड्याही घेतल्या. पोर्टलही झालं. आमच्या काकांना त्या पोर्टलचा पत्ता नाही. माझ्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा त्यांना कोणी दिलेला नाही. तो त्यांच्या बोटांत आहे. त्यांच्यामागे शिकणारा पोरगाही नाही, मुंबईला गेला. काका थांबले की सावंतवाडीत मीटर लावून व्होल्ट शोधणारा माणूस राहील का, मला शंका आहे. आयटीआय आहेत, हुशार पोरं आहेत. पण दुरुस्ती हे कमी प्रतीचं काम, असं आपणच त्यांना शिकवून ठेवलंय.

आता सरकारकडे वळतो. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीला 10,000 केलं. का, तर जुन्या गाड्या धोकादायक आणि धूर सोडणाऱ्या. बरं, धुराचं मान्य. जुनं इंजिन नव्याच्या तुलनेत घाण असतंच, त्यावर वाद घालणार नाही. आणि मी पैसे भरलेत, रडत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. सुरक्षिततेच्या नावाने पाच हजार घेतलेत, तर सुरक्षितता तपासलीत का? माझ्या गाडीची तपासणी झाली तेव्हा दिवे लागतात का एवढं पाहिलं गेलं. किती लागतात, कुठे लागतात, समोरच्याच्या डोळ्यांत जातात का, हे कोणी पाहिलं नाही. त्या दिवशी माझा फॉग लॅम्प समईसारखाच होता आणि गाडी पास झाली.

आणि माझ्या शेजारी नवीकोरी, वर्षाचीही नसलेली गाडी हॅलोजनच्या घरात चायनाचा एलईडी बल्ब घालून फिरते. हॅलोजनचा आरसा तारेच्या बारीकशा जागेसाठी घडवलेला असतो. तिथे भलत्या आकाराचा एलईडी बसवला की उजेड रस्त्यावर न पडता दाही दिशांना फेकला जातो. धुक्यात तर तो थेंबांवर आपटून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत परत येतो. त्या भावाला वाटतं उजेड वाढला. त्याला काही दिसत नसतं आणि समोरच्यालाही काही दिसत नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत मनमानी बदल करायला बंदी आहे. पण हेल्मेट नाही म्हणून दुचाकीवाला पकडला जातो, आणि डोळे दिपवून दुचाकीवाल्याला दरीकडे ढकलणारा बार लावलेला माणूस सलाम घेत पुढे जातो.

मग सांगा, धोकादायक कोण? सोळा वर्षांची, नीट दुरुस्त केलेली गाडी की वर्षाची, दिवे बिघडवलेली? गाडीच्या वयावर शुल्क लावणं सोपं, कारण वय कागदावर असतं. अवस्था बघायला वाकावं लागतं. बंपरखाली हात घालावा लागतो.

आणि आता रस्ता. माझा दिवा मंद होता हा माझा गुन्हा. पण दिवा पडणार कशावर? धुक्यात आपण रस्ता बघत चालवत नाही, कडेची पांढरी पट्टी बघत चालवतो. ती पट्टी थर्मोप्लास्टिकची आणि त्यात काचेचे बारीक मणी असतात, म्हणून दिवा पडला की चमकते. मणी झिजले की ती पट्टी म्हणजे नुसता रंग. वळणावरचे खांब आणि त्यांवरच्या चमकत्या पट्ट्या कशा, किती अंतरावर असाव्यात यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी पुस्तिकाच आहे, आयआरसी 79. पट्ट्यांसाठी आयआरसी 35. कठड्यांसाठी आयआरसी 119. लिहिणाऱ्यांनी सगळं लिहून ठेवलंय. आता पुढच्या वेळी तुमच्या घाटातून रात्री जाताना मोजा. किती वळणांवर चमकणारा खांब दिसला? किती ठिकाणी कडेची पट्टी सलग आहे? कठड्याचे किती दगड नुसते चुना फासलेले आहेत? माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा आणि लिहून ठेवा.

कारण एक कलम आहे ज्याची कोणी आठवण काढत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198-अ आलं. रस्त्याचं डिझाईन, बांधकाम, देखभाल यात ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार अधिकारी, सल्लागार किंवा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. त्याच 2019 च्या दुरुस्तीने आपल्या खिशातून जाणारे दंड वाढले, ते आपल्याला तोंडपाठ आहेत. हे 198-अ तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? कितीदा वापरलेलं पाहिलंय? 'धुक्यामुळे अपघात' असं एकदा लिहिलं की हे कलम मिटतं. धुक्यावर गुन्हा दाखल होत नाही ना!

काही जण म्हणतील, "धुक्यात हळू चालवा, बाकी कशाला हवंय?" बरोबर. हळू चालवाच. हिशोब सांगतो. ताशी 60 ने ओल्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला साधारण 60 मीटर लागतात, त्यातले 25 तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. ताशी 40 ला तीस-बत्तीस मीटर. ताशी 30 ला वीसेक. हवामान खातं 50 मीटरच्या आत दिसत असेल तर त्याला अति दाट धुकं म्हणतं. आपल्या घाटात जुलैच्या रात्री वीस मीटर दिसलं तरी नशीब. म्हणजे वीस-पंचवीसच्या वर वेग म्हणजे देवावर भरवसा. पण मी वीसवरच होतो हो! उतार होता, रस्ता ओला होता आणि टेंपो आठ-दहा पावलांवर दिसला. थांबलो ते थोडं कौशल्य, बरंचसं नशीब. हळू चालवणाऱ्यालाही दिसायला तर हवं.

दुसरं कोणी म्हणेल, "प्रत्येकाला परवडत नाही." म्हणूनच तर आकडा दिला. अकराशे वीस. आणि ज्याला तेही जड आहे त्या रिक्षावाल्या, टेंपोवाल्या भावाला सांगतो, दहा रुपयांच्या फडक्याने मागचे रिफ्लेक्टर पुसले तरी माझ्यासारखा एखादा वाचेल.

तिसरं, "पिवळा दिवा धुकं कापतो, पांढरा कापत नाही." हाही गैरसमज. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की सगळे रंग ते जवळजवळ सारखेच उधळतात. पिवळा डोळ्यांना कमी बोचतो, एवढंच. खरी कामाची गोष्ट म्हणजे दिवा खाली बसवलेला असणं आणि त्याचा उजेड वरून कापलेला, पसरट असणं. म्हणजे तो धुक्याच्या खालून रस्त्यावर आणि कडेला पडतो.

आणि एक हात जोडून विनंती. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला कळत नाही तुम्ही उभे आहात की चालताय, आणि वळताना तुमचा इंडिकेटरही दिसत नाही. ते चार दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. त्या टेंपोवाल्याने ते लावायला हवे होते. त्याचे लागत नसतील. त्याचीही वायर कळकली असेल, कोणी सांगावं.

आता नुसतं बोंबलून उपयोग नाही, तर मी काय करतोय ते सांगतो.

एक. येत्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, काकांना विनंती केली आहे, ते एक रविवार देणार आहेत. ज्यांना आपल्या गाडीचे, रिक्षाचे, टेंपोचे दिवे मीटर लावून तपासून घ्यायचेत त्यांनी कळवा. तपासणी फुकट, सामान ज्याचं त्याने. दोन-तीन कॉलेजची पोरं शिकायला आली तर काकांना जास्त आनंद होईल.

दोन. घाटातल्या एकेका वळणाची यादी करतोय. पट्टी आहे की नाही, खांब आहे की नाही, कठडा कसा आहे. फोटो, तारीख, किलोमीटरचा दगड. ही यादी माहितीच्या अधिकाराच्या अर्जासोबत जाईल. विचारणार एवढंच, की या रस्त्यावर पट्ट्या आणि रिफ्लेक्टर शेवटचे कधी लावले, किती खर्च झाला, कोणी तपासून बिल पास केलं. आणि अर्जात कलम 198-अ चा उल्लेख करणार. कोणाला घाबरवायला नाही, कोणीतरी वाचलंय हे कळायला.

तीन. परिवहन खात्याला पत्र. नूतनीकरणाच्या तपासणीत दिव्यांची दिशा आणि उजेड मोजणारं यंत्र वापरा. पाच हजार घेताय ना? मग मोजा. आणि मोजून ज्याचे दिवे बिघडलेले निघतील त्याला, गाडी नवी असो की जुनी, घरी पाठवा. मला पाठवलं असतं तर मी त्या जुलैत टेंपोपर्यंत पोचलोच नसतो.

परवा रात्री पुन्हा घाट उतरलो. तोच ढग, तीच वळणं. बटण दाबलं आणि दोन्ही बाजूंना रस्त्याची कड उमटली. पट्टी जिथे होती तिथे चमकली, जिथे नव्हती तिथे काळोख. माझ्याकडची वायर मी बदलली. आता जिथे काळोख आहे तिथे ज्यांची वायर आहे त्यांनी बघावं. आई मागे बसली होती. या खेपेला "हळू रे बाबा" म्हणाली नाही.

वळणांची यादी करायला कोण कोण येतंय ते खाली लिहा. आणि आज संध्याकाळी एकदा, भिंतीसमोर गाडी उभी करून, स्वतःचे दिवे लावून बघा.